हिमाची हमी

नोव्हेंबर उजाडला की आल्प्स पर्वतातील गावांचे डोळे आकाशाकडे लागतात. मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही नजर ओळखीची वाटेल. तेथे वाट पाहिली जाते ती हिमाची. डिसेंबरात स्कीइंगची केंद्रे उघडतात. रज्जुमार्गावरील कामगार, स्की शिकवणारे, खानावळवाले या साऱ्यांची बरीचशी कमाई नाताळच्या पंधरवड्यात व्हायची असते. पाहुण्यांनी मात्र खोल्या आधीच राखून ठेवलेल्या असतात. त्यांना हमी हवी असते.

ही हमी देण्यासाठी माणसाने यंत्र शोधले. थंड हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार दाबाखालील हवेबरोबर उडवले की ते खाली पडेपर्यंत गोठतात. एक घनमीटर पाण्यापासून सुमारे दोन घनमीटर हिम मिळते. परंतु मुळात हवाच पुरेशी थंड नसेल तर यंत्र उभेच राहते. ते हिम तयार करते. थंडी तयार करीत नाही.

फ्रान्समधील ला क्लुझा या गावाने डोंगरावर सुमारे दीड लाख घनमीटर पाण्याचा तलाव बांधण्याचे ठरवले. काही पाणी पिण्यासाठी, पण अधिक भाग कृत्रिम हिमासाठी. त्यासाठी रानाचा एक तुकडा जाणार होता. विरोधकांनी रानातच ठाण मांडले. ऑक्टोबर 2022 मध्ये ग्रनोबल येथील न्यायालयाने तलावाच्या परवानगीला स्थगिती दिली. हिमाची सोय करण्याच्या गरजेपेक्षा तेथील निसर्ग व जीवजाती राखण्याची निकड न्यायालयाला मोठी वाटली. पुढे त्याच वर्षीच्या नाताळात आल्प्समध्ये अवेळी ऊब पसरली आणि सखल भागांतील अनेक घसरणी बंद ठेवाव्या लागल्या.

मग दूरदृष्टी कोठे संपते आणि हट्ट कोठे सुरू होतो? साठवण करणे हे पाप नव्हे. योसेफानेही मिसर देशात धान्याची कोठारे भरली होती. मात्र ती भुकेल्यांसाठी होती. म्हणून साठा किती, एवढेच विचारून भागत नाही. तो कोणासाठी आणि कोणाच्या वाट्यातून, हेही विचारले पाहिजे. पिण्याच्या पाण्याला जो न्याय लागू पडतो, तो करमणुकीला लागू पडत नाही, असे आम्हांला वाटते.

तथापि, दुरून संयमाचा उपदेश करणे सोपे असते. हिम पडले नाही तर पाहुणा दुसरीकडे जातो. रज्जुमार्गावरील कामगाराची चूल मात्र तेथेच असते. निसर्गाची मर्यादा मान्य करायची तर तिची किंमत त्या एकट्याने का मोजावी? हमीचा आग्रह मुळात पाहुण्याचा आहे. तेव्हा त्यानेच तो प्रथम सोडावा. हिम असेल तर घसरावे, नसेल तर त्याच डोंगरावर पायी हिंडावे, पण गावाकडे पाठ फिरवू नये. न्यायाचा एवढा वाटा त्याच्याकडे नक्कीच येतो.

आपणही नाताळच्या गोठ्यावर कापसाचे हिम पसरतो. त्याने कोणाचे रान जात नाही, कोणाचे पाणी आटत नाही. परंतु ऋतूने आपल्या मनातील चित्राप्रमाणेच यावे, ही ओढ आपल्याही घरात आहे. तो कापूस पसरताना यंदा आपण एवढे स्वतःला विचारावे: आपल्या सणासुदीच्या कोणकोणत्या हमींची किंमत दुसरा कोणी मोजत असतो?