धर्मग्रंथ, विद्वान आणि विचारण्याचा हक्क

पवित्र कुरआनच्या सूरह तौबामध्ये (आयत ३१) अहले किताबविषयी एक गंभीर बाब सांगितली आहे. त्यांनी आपले धर्मपंडित व संन्यासी यांना अल्लाहखेरीज प्रभू बनवून घेतले. हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे इस्लाम स्वीकारण्यापूर्वी ख्रिस्ती होते. आम्ही तर त्यांची उपासना करीत नव्हतो, अशी शंका त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापाशी बोलून दाखविली. प्रेषितांनी (स.) उलगडा केला की, त्या पंडितांनी अल्लाहचे हलाल हराम ठरविले, हराम हलाल ठरविले आणि लोकांनी ते मुकाट्याने मानले, हीच त्यांची उपासना होय. (तिर्मिजी)

हा प्रश्न ख्रिस्ती समाजातही मिटला नाही. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार चर्चचा की प्रत्येक श्रद्धावंताचा? सोळाव्या शतकात युरोपात कॅथलिक व प्रोटेस्टंट असे तट पडले, त्यात या वादाचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई.

१८८३ साली रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. त्रैक्याचा सिद्धांत आणि हजरत ईसा (अलै.) यांचे ईश्वरत्व यांविषयी रमाबाई प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा दोघींच्या पत्रव्यवहारात तीव्र मतभेद उमटले. नवदीक्षिताने चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारावी, असे सिस्टरांचे म्हणणे होते. पुरोहितवर्गाच्या सत्तेखालून बाहेर पडलेली आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या पुरोहितांच्या हाती देण्यास रमाबाई तयार नव्हत्या. पुढे त्या ख्रिस्ती श्रद्धेवर स्थिर झाल्या. तो निष्कर्ष आपल्याला मान्य नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रश्न विचारून त्या थांबल्या नाहीत. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद केला. १९२२ साली त्यांचे निधन होईपर्यंत हे काम चालू राहिले.

इस्लामची भूमिका या बाबतीत समतोल आहे. माहीत नसेल तर जाणकारांना विचारण्याचा आदेश सूरह नहलमध्ये (आयत ४३) आहे. मतभेद झाल्यास तो अल्लाह आणि प्रेषित (स.) यांच्याकडे न्यावा, असे सूरह निसा (आयत ५९) सांगते. म्हणजे आलिमचा आदर अनिवार्य. पण त्याचे म्हणणे दलीलच्या अधीन.

एका प्रवासात एका व्यक्तीच्या डोक्याला जखम झाली होती. तिला गुस्लची गरज पडली. तयम्मुमची सवलत आहे का, असे तिने सोबत्यांना विचारले. त्यांनी नाही म्हटले. तिने स्नान केले आणि ती मरण पावली. हे कळताच प्रेषित (स.) संतप्त झाले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानावरील उपचार विचारणे हाच आहे, असा त्यांच्या वचनाचा आशय आहे. (अबू दाऊद)

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात आपण रुग्णाला नेतो, तेव्हा डॉक्टरांना विचारतो, शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतो. मात्र शस्त्रक्रिया स्वतः करीत नाही. डॉक्टर शरीराचे नियम निर्माण करीत नाहीत, ते नियम अभ्यासाने जाणतात. आलिमचे स्थानही असेच आहे.

बंधू-भगिनींनो, आज आपल्या घरांत दोन्ही धोके आहेत. तलाक, मेहर वा वारसाहक्काविषयी मुलीने आधार विचारला की तिला उद्धट म्हणून गप्प केले जाते. दुसरीकडे, मोबाइलवर दहा फतवे चाळून सोयीचा एक उचलला जातो. बहिणीचा हिस्सा बुडविण्यासाठीही अशी पळवाट शोधली जाते. स्वतःच्या वासनेलाच ईश्वर बनविणाऱ्याचा उल्लेख सूरह जासियामध्ये (आयत २३) आहे. माणसाला प्रभू मानणे जितके घातक, तितकेच आपल्या नफ्सला मानणे घातक.

म्हणून घरात कुरआनचा मराठी अनुवाद अर्थासह वाचावा, शंका लिहून ठेवाव्यात, विश्वासू आलिमकडे जाऊन दलीलसह उत्तर घ्यावे आणि ते आपल्या विरुद्ध गेले तरी स्वीकारावे. अल्लाह आपणा सर्वांना विचारण्याचे धैर्य आणि मानण्याची नम्रता देवो. आमीन.