घड्याळाच्या हाती सोपवलेली मुलं

अमेरिकेतल्या अनेक शहरांत सोळा वर्षांचा मुलगा मध्यरात्री रस्त्यावर दिसला, तर त्याला हटकायला पोलिसाला वेगळं कारण लागत नाही. त्याने काय केलं, हा प्रश्नच नसतो. त्याचं वय आणि ती वेळ, एवढ्यावर त्याचा गुन्हा ठरतो. अल्पवयीनांसाठीच्या संचारबंदीतलं हे मूळ दुखणं आहे.

कायदा जुनाच. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात १८८० मध्ये असा पहिला नियम झाला, असं मानलं जातं. १९९०च्या दशकात कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिसू लागल्या आणि शहरांमागून शहरं या वाटेने गेली. डॅलसने १९९१ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांना रात्री अकरा ते सकाळी सहा, आणि शुक्रवारी-शनिवारी मध्यरात्रीपासून, बाहेर फिरायला मनाई केली. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही अशा नियमांचा जाहीर पुरस्कार केला.

न्यायालयांचं मात्र एकमत झालं नाही. डॅलसचा नियम १९९३ मध्ये अपिलात टिकला, कारण पालकांसोबत असलेल्या किंवा कामावरून परतणाऱ्या मुलांना त्यात सूट होती. सॅन दिएगोचा १९४७ पासूनचा नियम १९९७ मध्ये रद्द झाला. तो मोघम होताच, शिवाय मुलांना आपल्या पद्धतीने वाढवण्याच्या आईवडिलांच्या हक्कावरही त्याने घाला घातला होता. मला हा दुसरा मुद्दा फार मोलाचा वाटतो. आपल्या लेकराने कुठे जावं, कधी परतावं, हे त्याला ओळखणाऱ्या माणसांनी ठरवायचं असतं.

एवढं स्वातंत्र्य गमावून सुरक्षितता तरी मिळते का? २०१६ मध्ये बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात या नियमांमुळे गुन्हे घटल्याचं दिसलं नाही. अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे शाळेच्या दिवशी सर्वाधिक घडतात ते शाळा सुटल्यानंतरच्या तासांत, आणि रात्रीचा नियम त्या वेळेला शिवतही नाही. वॉशिंग्टनमध्ये पूर्वी सप्टेंबर लागला की संचारबंदी बाराऐवजी अकराला सुरू होत असे. संशोधकांनी नेमका तो एक तास तपासला, तेव्हा त्या तासात गोळीबार वाढलेला आढळला. निरुपद्रवी माणसं घरी गेली की रस्त्यावर साक्षीदार उरत नाहीत, हे त्यांनी सुचवलेलं कारण मला पटतं.

या कायद्याचे समर्थक आइसलँडकडे बोट दाखवतात. तिथेही मुलांना घरी परतण्याची वेळ कायद्याने ठरवून दिली आहे. तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आलं. पण त्या देशाने नुसती वेळ बांधून दिली नाही. खेळ, संगीत, क्लब यांसाठी सरकारी पैसा ओतला, आणि संध्याकाळी पालक स्वतः गटागटाने वस्तीतून फिरू लागले. मोठी माणसं आधी मुलांसाठी घराबाहेर पडली.

टेक्सासने २०२३ मध्ये आपल्या शहरांना असे नियम करण्यास बंदी घातली. ते योग्यच झालं, पण तेवढ्याने भागत नाही. रात्री रस्त्यावर थांबणाऱ्या कित्येक मुलांना घरी जावंसं वाटत नाही, त्यामागे घरातली दाटी असते, भांडणं असतात, मारहाण असते. त्यांना पोलिसांनी दारात आणून सोडलं, तर कायद्याचं समाधान होईल, मुलाचं दुःख तसंच राहील. ज्या शहराला आपल्या मुलांची खरोखर काळजी आहे, त्याने संचारबंदीचा ठराव मांडण्याआधी संध्याकाळी उघडं राहणारं वाचनालय, दिवे असलेलं मैदान आणि तिथे हजर असणारी विश्वासाची मोठी माणसं द्यावीत. हे न देता मुलांना घरात बसवणं हा अन्याय आहे.