काडतूस, कर्ता आणि दैव

लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काडतूस हाताने भरणे ही साधनशुद्धीची टोकाला नेलेली साधना आहे. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत प्रत्येक गोळीसाठी बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो, एका वेळी एकच बार उडतो आणि दोन बारांच्या मध्ये विचाराला भरपूर अवकाश मिळतो. अशा रायफलीसाठी काही देशांतले नेमबाज कारखान्यातले तयार काडतूस न वापरता स्वतःच्या मेजावर स्वतःचे काडतूस जुळवतात. वरवर पाहता हा निव्वळ तंत्राचा विषय आहे. पण त्याच्या मुळाशी कर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे: जो परिणाम पूर्णपणे आपल्या हाती नाही, त्यासाठी माणसाने किती झटावे, आणि झटल्यानंतर त्यावर किती हक्क सांगावा?

काडतुसाचे घटक चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आतली धूररहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की दाबामुळे पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीचा आकार घेते. वापरलेली पुंगळी स्वच्छ करून डायमधून काढतात, तिची मान पुन्हा मापात आणतात, लांबी तपासतात, वारंवार ताणली गेलेली मान तापवून मऊ करतात. मग प्रायमर, मोजलेली दारू आणि शेवटी गोळी. दारू ग्रेन या मापात तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि चोखंदळ नेमबाज त्याच्या दहाव्या भागापर्यंत काटा पाहतो. गोळी पुंगळीत किती खोल बसली आणि ती नळीच्या अक्षाशी सरळ आहे की नाही, हेही मोजतात. प्रमाण मनाने ठरवता येत नाही. दारू जास्त झाली तर दाब वाढून रायफल फुटू शकते, म्हणून प्रमाणित कोष्टकांच्या बाहेर न जाणे आणि प्रत्येक भरणीची नोंद ठेवणे हा या कामाचा पहिला धर्म आहे.

या खटाटोपाचा हेतू अधिक जोर मिळवणे हा नसतो. प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच सुटावी, एवढेच त्यातून साधायचे असते. १००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर, अंतरावरच्या स्पर्धेत सर्वोच्च गुणांच्या वर्तुळाचा व्यास साधारण २५ सेंटिमीटर असतो. .३०८ जातीच्या रायफलीतून सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला तिथे पोहोचायला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. सुटतानाच्या वेगात सेकंदाला ३ मीटरचा फरक पडला, तर तेवढ्या अंतरावर गोळी सुमारे ८ सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. काट्यावरच्या दक्षतेने वाचवायचे ते हेच सेंटिमीटर. पण त्याच वेळी ताशी जेमतेम दीड किलोमीटर वेगाचा आडवा वारा, गालालाही न जाणवणारा, तीच गोळी सुमारे २५ सेंटिमीटर बाजूला ढकलतो. मेजावर रात्र-रात्र बसून जे कमावले, त्याच्या तिप्पट एक न दिसलेली झुळूक घेऊन जाते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार काडतुसे तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे घरी काडतूस भरण्याचा छंद इथे रुजलेला नाही. ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल प्रकारात तर तो शक्यही नाही. तिथे ५.६ मिलिमीटरचे काडतूस वापरतात, आणि त्याचे ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ती पुन्हा भरता येत नाही. मग नेमबाज निवडीचा मार्ग धरतो. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसे तो आपल्या रायफलीतून झाडून पाहतो, ज्या लॉटच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात तो राखून ठेवतो आणि मोठ्या स्पर्धेत तोच वापरतो. या प्रकारात दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला, ते याच मापाच्या लक्ष्यावर. भरणे असो वा निवडणे, दोन्हींत धडपड एकच: साधनातला फरक शून्याकडे नेण्याची.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि पाचवे दैव. या विभागणीत नेमबाजाचे सगळे जग बसते. अधिष्ठान म्हणजे त्याचा देह आणि तो ज्यावर टेकला आहे ती जमीन. कर्ता म्हणजे नेम धरणारा. भाष्यकार करणे म्हणजे मुख्यतः इंद्रिये असे सांगतात. डोळा आणि बोट यांच्या पुढे रायफल आणि काडतूस हा त्यांचाच विस्तार ठरतो. श्वास आवरणे, चाप ओढणे ही चेष्टा. दैवाचा अर्थ मात्र एकसारखा लावला गेलेला नाही. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता म्हणजे दैव, तर रामानुजाचार्य तिथे अंतर्यामी परमात्मा पाहतात. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. कर्त्याच्या हिशेबात न मावणारा एक वाटा प्रत्येक कर्मात असतो, आणि तो कर्माबाहेरचा अपघात नसून कर्माच्या कारणांपैकीच एक आहे.

या मांडणीतून दोन निष्कर्ष निघतात आणि ते एकत्रच धरावे लागतात. पहिला: दैव पाचवे आहे, एकमेव नाही. उरलेली चार कारणे माणसाच्या कक्षेत येतात, आणि त्यांची हयगय करून दैवाकडे बोट दाखवणे ही लबाडी ठरते. काटा न तपासता भरलेल्या काडतुसाची गोळी खाली लागली, तर दोष वाऱ्याचा नव्हे. मुंडक उपनिषदातल्या प्रसिद्ध रूपकात ओंकार धनुष्य, आत्मा बाण आणि ब्रह्म लक्ष्य आहे. तिथेही बाण सोडण्याआधी तो उपासनेने घासून तीक्ष्ण करायला सांगितले आहे. साधनाची तयारी हा साधनेच्या आधीचा किरकोळ भाग नाही, ती साधनेचाच भाग आहे. दुसरा निष्कर्ष: चारही कारणे निर्दोष केली, तरी पाचवे शिल्लक राहतेच. म्हणून जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असे गीता याच प्रकरणात पुढे सांगते.

धनुर्धराचे उदाहरण पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही याच जागी येते. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनपूर्व ४५मध्ये लिहिलेल्या नीतिशास्त्रीय ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्टोइक मत असे मांडले आहे: नेम बरोबर लागावा म्हणून शक्य ते सारे करणे हे धनुर्धराचे खरे साध्य, बाण लक्ष्याला लागणे ही निवडण्याजोगी गोष्ट आहे, पण चांगल्या जीवनाचे मोजमाप त्यावर नाही. गीतेची भूमिका याच्या जवळची असली तरी तीच नाही. स्टोइक विचार फळाला कर्त्याच्या कल्याणातून वगळतो. गीता फळ अर्पण करायला सांगते, आणि जे अर्पण करायचे ते खराब असून चालत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त फलाशेचा त्याग म्हणजे कर्माचा त्याग नव्हे, हे लोकसंग्रहाच्या आधारे सविस्तर मांडले आहे. कर्त्याने फळाची आस सोडायची. पण ज्या लोकांसाठी कर्म करायचे, त्यांच्यासाठी फळ महत्त्वाचेच राहते.

फळाची आस सोडणे आणि काम सोडणे यांतला हा फरक पुण्याजवळच्या आकुर्डीसारख्या औद्योगिक वस्तीत रोजच्या कामात दिसतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये टर्नर आणि सीएनसी ऑपरेटर दिवसभर टॉलरन्सच्या भाषेत बोलतात. जॉब मशीनवरून उतरला की मायक्रोमीटर लागतो, गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे, नाहीतर तुकडा रिजेक्शनच्या पेटीत. ब्रेकचा भाग बनवणाऱ्याला ती गाडी कोण चालवणार, कोणत्या घाटात उतरणार हे कधीच कळत नाही. फळ त्याच्या डोळ्यांआड आहे, म्हणून त्याची आस धरण्यात अर्थ नाही. पण मापात शंभरावा भाग सोडून द्यायची मुभाही त्याला नाही. अनासक्ती आणि बेफिकिरी या दोन गोष्टी इथे स्पष्ट वेगळ्या होतात. बेफिकीर माणूस काम होण्याआधीच हात सोडतो. अनासक्त माणूस काम पुरे करतो, मग हात सोडतो.

या पट्ट्याने साधनाला देवत्व देण्याची रीतही जपली आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला छोट्या शेडपासून मोठ्या कारखान्यापर्यंत मशीन पुसून लख्ख करतात. लेथच्या चकला झेंडूची माळ पडते, व्हर्नियरच्या पेटीवर हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो. त्या दिवशी ज्याची पूजा होते ते करण आहे, उत्पादन नव्हे. अवजाराची पूजा करणारा माणूस एक गोष्ट मान्य करतो: हे काम मी एकट्याने केलेले नाही. स्वतःच्या कौशल्याचा ताठा उतरवणारी ही कबुली आहे. ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायावर भाष्य करताना वाट्याला आलेले काम हीच पूजासामग्री मानायला शिकवले आहे. तुकाराम महाराजांची पालखी देहू सोडल्यावर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा हीच शिकवण कामगार वस्तीच्या मधोमध उतरते.

काडतूस भरणाऱ्याला धोका आहे तो नेमका याच्या उलट दिशेचा. मोजमाप जितके सूक्ष्म, तितका सगळे आपल्या हातात आल्याचा भास गडद. गीतेने कर्त्याचे तीन प्रकार केले आहेत. सात्त्विक कर्ता आसक्ती आणि अहंकाराविना, पण धैर्य आणि उत्साहाने काम करतो, यशापयशात ढळत नाही. राजस कर्ता फळासाठी हपापलेला, हर्ष आणि शोक यांत हेलकावणारा. तामस कर्ता बेशिस्त, आळशी, काम लांबणीवर टाकणारा. तामस नेमबाज काट्याकडे बघतच नाही. राजस नेमबाज काट्याकडे पाहतो, पण गोळी चुकली की पुंगळीला, दारूला, वाऱ्याला दोष देत फिरतो आणि पुढच्या खेपेस आणखी एक उपकरण विकत घेतो. सात्त्विक नेमबाज तितकेच काटेकोर मोजतो, चुकलेली गोळी नोंदवहीत लिहितो, तिच्यातला आपला वाटा वेगळा काढतो आणि उरलेला वाऱ्याकडे सोपवतो. बाहेरून राजस आणि सात्त्विक यांची कृती सारखीच दिसते. फरक गोळी सुटल्यानंतर कळतो.

यापुढचा प्रश्न साधनाच्या अचूकतेचा नसून त्याच्या उद्दिष्टाचा आहे. काडतूस ही मुळात जीव घेण्यासाठी घडवलेली वस्तू. कागदी लक्ष्यावर ते झाडल्याने हिंसेचा दोष टळतो का? बौद्ध परंपरेतल्या अंगुत्तर निकायाच्या वणिज्जा सुत्तात उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार येतो. हा प्रश्न आकुर्डीच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. लोकलने पुण्याच्या दिशेने गेले की खडकी लागते, जिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना चालू आहे. दुसऱ्या दिशेला पुढचेच स्टेशन देहूरोड. तिथे लष्कराचे आयुध भांडार आहे, आणि तिथेच २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शस्त्रांचे भांडार आणि शस्त्राचा व्यापार वर्ज्य मानणारी परंपरा ही दोन्ही एकाच गावात शेजारी नांदतात.

महाभारताच्या आदिपर्वातली द्रोणांची परीक्षा इथे विचारात घेण्यासारखी आहे. झाडाच्या शेंड्यावरच्या ज्या पक्ष्याचा अर्जुनाने वेध घेतला, तो जिवंत नव्हता. द्रोणांनी तो कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता. एकाग्रतेच्या शिक्षणाला जीव घेण्याची गरज नाही, हे त्या कथेतच आहे. पण त्याच अर्जुनाचे कौशल्य पुढे कुरुक्षेत्रावर वापरले गेले, हेही तिथेच आहे. लक्ष्य निर्जीव असल्याने अभ्यास निर्दोष राहतो. अभ्यासातून आलेले सामर्थ्य पुढे कशासाठी वापरायचे, हा निर्णय मात्र उरतोच. म्हणून परवाना, सुरक्षित रेंज, कुलुपातली कपाटे हे नियम नैतिक विचाराचाच भाग ठरतात: सामर्थ्य एका माणसाच्या मर्जीवर न सोडता समाजाच्या नजरेखाली ठेवण्याचा तो मार्ग आहे.

हाताने भरलेल्या काडतुसातून कर्मविचाराला तीन उत्तरे मिळतात, आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी उद्दिष्ट तपासावे, कारण अचूकता स्वतः ना पुण्य ना पाप. ती ज्या कामी लागते त्याचा गुण घेते. मग साधन आपल्या शक्तीच्या शेवटच्या टोकापर्यंत शुद्ध करावे, कारण दैवाचा वाटा किती हे आपला वाटा पूर्ण झाल्यावाचून कळतच नाही. आणि शेवटी फळ सोपवावे. यश आले तर त्यात इतर चारांचा हात मान्य करावा, अपयश आले तर त्यातला आपला अंश शोधून पुढच्या कामाला लागावे. या क्रमाने केलेले काम लेथवरचे असो, शेतातले असो वा रेंजवरचे, ते उपासनेच्या जवळ जाते.