काम फसल्यावरची आवराआवर

सी भाषेत मेमरी मागितली की मिळते. परत करायची आठवण मात्र कोणी करून देत नाही. मॅलॉकने घेतलेलं फ्रीने सोडायचं, उघडलेली फाईल मिटायची, घेतलेलं लॉक उघडायचं. काम सुरळीत पार पडलं की हे सगळेच करतात. गोम आहे ती काम अर्ध्यात फसतं तेव्हा.

मेमरी घेतली, फाईल उघडली, लॉक घेतलं आणि चौथ्या पायरीला एरर आली. तिथूनच रिटर्न केलं, तर तिन्ही गोष्टी अडकून पडतात. प्रोग्राम लगेच कोसळत नाही, हेच वाईट. लिनक्सवर एका प्रोसेसला सहसा १०२४ फाईली उघड्या ठेवायची मुभा असते. गळती होत होत ती संपते आणि 'टू मेनी ओपन फाईल्स' हा बोल लागतो भलत्याच, निरपराध ओळीला.

सोडायचं ते उलट्या क्रमाने. मांडव उतरवताना आधी कापड निघतं, खांब शेवटी. तसं आधी लॉक, मग फाईल, मग मेमरी. यासाठी लिनक्स कर्नेलची मंडळी सर्रास 'गोटू' वापरतात. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांच्या १९६८ च्या पत्रापासून बदनाम झालेलं तेच गोटू! फंक्शनच्या तळाशी लेबलं लावायची. जिथवर पोचलो होतो, त्या लेबलावर उडी मारून एकेक सोडत बाहेर पडायचं. मला यात काही गैर दिसत नाही.

२०१४ साली ॲपलच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडल्याचं उघड झालं. महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ कुठल्याच अटीत न बसता दर वेळी चालायची. सर्व्हरची सही तपासायची राहून जायची, आणि एररचा आकडा तोवर शून्यच असल्याने उत्तर यायचं 'सगळं ठीक'. गंमत म्हणजे फेल या लेबलाखालचे बफर अगदी शिस्तीत मोकळे होत होते! लोकांनी खापर फोडलं गोटूवर. दोष होता सही चुकल्यावरची वाट कोणी चालून न पाहिल्याचा.

सी प्लस प्लस आणि रस्टमध्ये स्कोप संपताच बरीचशी सोडवणूक आपोआप होते. २०२३ मध्ये कर्नेलनेही तशी सोय करून घेतली. तरी सीमधला जुना कोड ढिगाने आहे आणि तो आपल्यालाच सांभाळायचा आहे. तेव्हा पुढची टेस्ट लिहाल, तेव्हा मॅलॉकला एकदा मुद्दाम नल द्यायला लावा आणि मागे काय काय उघडं राहतं ते मोजा.