यमुना नाव ठेवायचं का?

तीन महिन्यांनी आमच्याकडे बाळ येणार आहे. मुलगी झाली तर यमुना, असं आम्ही दोघांनी घरी सांगितलं आणि सगळ्यांना मतं फुटली.

आईला नाव जड वाटतं. बहीण म्हणते, शाळेत यमी म्हणतील, आणि इंग्रजी शाळेत त्याचं 'यम्मी' व्हायला एक मधली सुट्टी पुरे. आत्याचा आक्षेप थेट: यमाची बहीण! (भाऊबीजेला यम जिच्याकडे जेवायला गेला, तीच ही बहीण, हे सांगूनही उपयोग झाला नाही.) ऑफिसातल्या मित्राला मात्र ते 'व्हिंटेज' वाटलं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

कारण यमुना हे नाव नुसतं वापरून जुनं झालेलं नाही. अनेक यमुनांकडून ते काढून घेतलं गेलं.

१८६५ साली जन्मलेल्या एका यमुनेचं नवव्या वर्षी लग्न झालं आणि गोपाळराव जोशींनी तिचं नाव आनंदी ठेवलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली. कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होऊन रमाबाई झाली. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची रीतच होती, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण हे दोघे साधे नवरे नव्हते. घरच्यांचा, समाजाचा विरोध पत्करून बायकोला शिकवणारी माणसं होती ही. जुनं काय काय मोडायचं याचा त्यांनी इतका विचार केला, आणि नावाची रीत तशीच पाळली.

याला दुसरी बाजू आहे. विधवा गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. जुन्या नावाला वैधव्याची वर्षं चिकटलेली असताना नवं नाव मोकळा श्वासही वाटू शकतं. म्हणून बदललेलं प्रत्येक नाव म्हणजे अन्यायच, असं मी म्हणणार नाही.

आमच्या डेटाबेसमध्ये नाव बदललं तरी आतला आयडी तोच राहतो, जुन्या नोंदी तुटत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीकडे असा आयडी कुठून असणार? 'यमुना' अशी हाक आली की मान वळायची, एवढंच तिच्याकडे होतं.

मग आम्ही तरी वेगळं काय करतोय? बाळाला विचारून कुणीच नाव ठेवत नाही. फरक एवढाच दिसतो, की बाळाची मान अजून कुठल्याच हाकेला वळत नाही. पहिलं नाव देणं आणि असलेलं पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. तरी पहिलं देतानाही आपली हौस तिच्या गळ्यात बांधायचा धोका आहेच. दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब चुकता करायला ती जन्माला येत नाहीये.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचंही नाव लागतं. बायकोनं लग्नात नाव बदललं नाही, त्यामुळे आमच्याकडे कुठलं लिहायचं हा प्रश्न नाही. सासूबाईंची मात्र दोन नावं आहेत. माहेरचं नाव आता फक्त त्यांचा मोठा भाऊ घेतो, तेही फोनवर.

आम्ही यमुनाच ठेवणार आहोत. अठराव्या वर्षी तिला नको वाटलं तर तिनं खुशाल राजपत्रात नोंद करून बदलावं. फी मी भरेन आणि नवीन नावानं हाक मारायची सवयही करेन. फक्त ते नाव तिनं निवडलेलं असावं.