गीताचा वारसा आणि पुनर्गायनाचा अधिकार

एखाद्या चित्रपटाची कथा विस्मृतीत जाते, त्यातील नटनटींचे चेहरे धूसर होतात, आणि तरीही त्याची गाणी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ओठांवर नांदत राहतात, ही गोष्ट आपल्याकडे इतकी नित्याची आहे की तिचा विचार करण्याची निकड सहसा कोणाला भासत नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ साली पडद्यावर आणलेला ‘जैत रे जैत’ हा असाच एक चित्रपट. ना. धों. महानोरांची शब्दकळा, पंडित हृदयनाथ मंगेशकरांची स्वरयोजना आणि लता, आशा, रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांचे कंठ यांतून सिद्ध झालेली त्याची गाणी आज गणेशोत्सवाच्या मंडपात, महाविद्यालयीन स्पर्धांत आणि वाहिन्यांवरील चुरशीत इतक्या वेळा नव्याने गायिली जातात की ज्यांनी तो चित्रपट कधी पाहिलाच नाही, अशांनाही ती आपल्या घरचीच वाटतात.

या पुनर्गायनाविषयी जुन्या रसिकांची तक्रार ठरलेली असते: मूळ ते मूळ, बाकी सारी नक्कल. या तक्रारीत प्रेम आहे यात शंका नाही. परंतु ते प्रेम पुष्कळदा गाण्यापेक्षा, ते गाणे प्रथम ऐकले त्या आपल्या वयावर अधिक असते, आणि स्वतःच्या तारुण्याची मिळकत दुसऱ्याच्या हाती गेल्याचे दुःख माणूस कलेच्या शुद्धतेच्या नावावर खर्ची घालतो. वस्तुतः आपली सारी संगीतपरंपराच पुनर्गायनावर उभी आहे. बंदीश गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात उतरते, वारीतल्या दिंडीत तोच अभंग सहस्रमुखांनी गायिला जातो, आणि बालगंधर्वांची नाट्यपदे त्यांच्या पश्चातही दुसऱ्या कंठांनी जिवंत ठेवली. कायद्यानेही हा मार्ग रोखलेला नाही. २०१२ साली दुरुस्त झालेल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी, रीतसर नोटीस देऊन व मोबदला भरून, तेच गीत अन्य गायकाकडून मुद्रित करता येते. मात्र ते पुनर्गायन असल्याचे वेष्टनावर स्पष्ट नमूद करावे लागते. तेव्हा गाण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न फारसा उरत नाही. त्या हक्काबरोबर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर गाण्यांतच शोधले पाहिजे. ‘जैत रे जैत’ची कथा ठाकर आदिवासींची आहे, लिंगोबाच्या डोंगराची आहे. मधमाशीच्या दंशाने डोळा गमावलेला नाग्या त्या डोंगरावरील पोळी उतरविण्याचा ध्यास घेतो आणि नवऱ्याचे घर सोडून आलेली चिंधी त्याची सहचरी होते. तिच्या मुक्तीचे गाणे म्हणजे ‘मी रात टाकली’. ते लक्षपूर्वक ऐकावे. लताबाईंचा स्वर जुन्या संसाराचे ओझे झुगारीत झेपावतो, आणि त्या एकटीच्या उद्‌गाराला पुरुषांचे कंठ येऊन भिडतात; ताल अंगात भिनतो, आणि क्षणभर असे वाटते की एका बाईचा आनंद साऱ्या पाड्याने आपला म्हणून स्वीकारला आहे. या गाण्यातील ‘मी’ला अर्थ आहे तो भोवतालच्या ‘आम्ही’मुळे. त्या पुरुषकंठांतील साठे आणि काळे हे दोघेही ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातून आलेले. १९७२ सालच्या त्या नाटकात, पटेलांच्याच दिग्दर्शनाखाली, गाणाऱ्या-नाचणाऱ्या पुरुषांची एक रांगच रंगभूमीवरचा पडदा झाली होती. समूहाने कथा सांगण्याचा तो संस्कार रंगमंचावरून या डोंगरावर आला.

आता हेच गाणे शहरातील एखाद्या सभागृहात कसे गायिले जाते ते पाहा. गायिकेचा गळा तयार असतो, हरकत न्‌ हरकत जागच्या जागी पडते, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड चोख वाजतात, ‘वन्स मोअर’ही मिळतो. परंतु कोरस आधीच मुद्रित करून ठेवलेल्या ट्रॅकमध्ये गेलेला असतो, ढोल एका कळीवर आलेला असतो, आणि गायिकेच्या स्वराला उत्तर देणारे जिवंत माणूस मंचावर कोणीच नसते. चाल सहीसलामत पोहोचते. मुक्त झालेल्या बाईला सामावून घेणारी वस्ती मात्र मागेच राहते. नकलेतील उणेपणा गळ्यात शोधण्याची आपली सवय म्हणूनच मला चुकीची वाटते. लताबाईंचा गळा दुसऱ्या कोणाकडे असावा ही अपेक्षाच अन्यायाची. पण चार माणसे सोबत उभी करून त्यांच्याकडून गाऊन घेणे कोणालाही अशक्य नाही.

येथे मुळाच्या अभिमान्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महानोर ठाकर नव्हते. अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे ते शेतकरी-कवी. हृदयनाथांची तालीम उस्ताद अमीर खाँसाहेबांकडची, आणि लताबाई-आशाबाईंचा कंठ मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत घडलेला. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणून दप्तरी दाखल करून ठेवले आहे, ते स्वतःच परक्या जीवनाचे पुनर्गायन होते. ते आपल्याला अस्सल वाटते, कारण त्या मंडळींनी दुसऱ्याचे जगणे आदराने आणि परिश्रमाने ऐकले, त्याचा ताल समजून घेतला, आणि आपली विद्या त्याच्या सेवेला लावली. अस्सलपणा ही जन्माने मिळणारी सनद नव्हे. ती ऐकण्याच्या कष्टांनी मिळवावी लागते, आणि प्रत्येक नव्या गायकाला ती नव्याने मिळवावी लागते.

म्हणून पुन्हा गाणाऱ्यांकडे माझे मागणे इतकेच, की त्यांनी ध्वनिमुद्रिकेबरोबर तिच्यामागची कथाही ऐकावी. चित्रपट पाहावा, कादंबरी वाचावी, आणि शक्य तर सह्याद्रीच्या ज्या पाड्यांवर आजही ढोल वाजतो तेथे जाऊन बसावे. मग त्यांनी चाल थोडी बदलली, वाद्ये नवी घेतली, तरी त्यांच्या स्वातंत्र्याला आपण रसिकांनी आडकाठी करू नये. ज्याने गाण्याचे सुखदुःख समजून घेतले आहे, त्याच्या हाती त्याचा वारसा सुरक्षित आहे, मग तो कालच जन्मलेला का असेना. आणि ज्याने ते समजून घेतले नाही, त्याच्यापाशी मूळ तबकडी जपून ठेवलेली असली तरी गाणे त्याचे झालेले नसते.