घरधन्यावाचूनचा कारभार

इंग्रजीतील ‘इकॉनॉमी’ हा शब्द आज बहुधा कर्त्याच्या आसनावर बसलेला आढळतो: ती वाढते, मंदावते, तापते, सावरते, आणि तिच्या प्रकृतीचे वर्तमान मंत्र्यांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वजण एखाद्या वडीलधाऱ्या रुग्णाचे कळवावे तशा काळजीने कळवीत असतात. ज्या ग्रीक शब्दापासून ती जन्मली त्या ‘ओइकोनोमिया’चा अर्थ मात्र गृहव्यवस्था, म्हणजे कोणीतरी करावयाची क्रिया, असा होता, त्या क्रियेला करणारा होता, आणि घडी विसकटली तर जाब कोणाला विचारावयाचा याविषयी संदेह नव्हता. क्रियेची वस्तू झाली, आणि त्या स्थित्यंतरात कारभारी हरपला.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफनने या विषयावर जो संवाद लिहिला त्यात सॉक्रेटिस हा इस्कोमाखस नावाच्या सधन गृहस्थाची हकीकत सांगतो. तीतील रसाळ भाग म्हणजे त्या गृहस्थाने आपल्या अल्पवयीन पत्नीला दिलेले धडे: धान्य कोरड्या खोलीत असावे, मद्य गारव्याला असावे, आणि फिनिशियन गलबतावर जशी प्रत्येक वस्तू ठरल्या जागी असते तशी ती घरातही असावी, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध करावी लागत नाही. पुढे ॲरिस्टॉटलने संपत्तीचा विनियोग करण्याची गृहस्थाची कला आणि संपत्ती मिळवीत राहण्याची कला यांत भेद केला. पहिलीला गरजेची मर्यादा असते, दुसरीला स्वभावतःच मर्यादा नसते, आणि पैशातून पैसा काढणारे व्याज तर त्याला सर्वांत अनैसर्गिक वाटले. या प्राचीन घराचे गोडवे गाण्याचा मोह आवरलेला बरा, कारण त्याचा बराचसा भार गुलामांच्या पाठीवर होता, आणि ॲरिस्टॉटलने गुलामालाही गृहव्यवस्थेचेच एक अंग मानले होते.

ख्रिस्ती धर्माचार्यांनी हाच शब्द परमेश्वराच्या विश्वयोजनेला लावला, आणि पौर्वात्य चर्चमध्ये तर प्रसंग पाहून धर्मनियम सैल करण्याच्या विवेकालाही तेच नाव मिळाले. घर केवढेही विशाल झाले तरी घरधनी येथे जागेवर होता.

खरी उलथापालथ राज्यसंस्थेच्या निमित्ताने झाली. १६१५ साली माँक्रेतियाँ या फ्रेंच लेखकाने आपल्या ग्रंथाच्या मथळ्यातच या शब्दाला ‘राजकीय’ हे विशेषण जोडले, आणि राज्य म्हणजे राजाचे मोठे घर या कल्पनेला शास्त्राची प्रतिष्ठा मिळू लागली. १७५५ साली फ्रेंच विश्वकोशातील आपल्या लेखात रूसोने तिला हरकत घेतली: पित्याला अपत्यप्रेम वाट दाखविते, पण राज्यकर्त्याला तसा नैसर्गिक मार्गदर्शक नसतो, म्हणून घराचे नियम राज्याला लावता येत नाहीत. आपल्याकडे होळकरांच्या दफ्तरात ‘खासगी’ आणि ‘दौलत’, म्हणजे घराण्याचा आणि राज्याचा, असे दोन निरनिराळे जमाखर्च असत. रूसोने जो भेद युक्तिवादाने मांडला तो इंदूर-महेश्वरच्या कारकुनांच्या वह्यांत, निराळ्या कारणाने का होईना, रोजच्या सरावाचा होता. युरोपात मात्र रूसोच्या हरकतीनंतरही १७६७ साली जेम्स स्ट्युअर्टने या शास्त्रावरील आपल्या ग्रंथाचा आरंभ कुटुंबाच्या गरजा विवेकाने व काटकसरीने भागविण्याच्या कलेपासूनच केला. त्या काटकसरीच्या अर्थाचा वंश पुढे सरकारी खर्चाच्या छाटणीत, १९२२-२३च्या इंचकेप समितीत, आणि विमानातील स्वस्त आसनांच्या वर्गातही विस्तारला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हे अर्थशास्त्र आपल्यासमोर ठेवले ते सार्वकालिक सत्य म्हणून. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी त्याची गृहीतकेच उलगडून दाखविली: स्वहित साधणारी सुटी व्यक्ती, अनिर्बंध स्पर्धा, हवे तेथे जाणारे श्रम व भांडवल, यांपैकी काहीच हिंदुस्थानात गृहीत धरता येत नाही, कारण येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात प्रबळ आहेत. पाश्चात्त्य शास्त्राने ज्या घराला मागे टाकले होते ते रानड्यांनी पुन्हा विचाराच्या कक्षेत आणले, आणि तेही त्याचे स्तोत्र न गाता. हे त्यांच्या तोलून बोलण्याच्या शैलीला साजेसेच होते. त्यापूर्वीच दादाभाई नवरोजींनी माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये पडते असा हिशेब मांडून तुरुंगातील कैद्याच्या पोटाला लागणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना केली होती. दादाभाईंच्या आकड्यात आरोपी स्पष्ट होता. देशाच्या हिशेबाचा कारभारी कोण आणि त्याने पैसा कोठे नेला, हाच तर त्यांचा सवाल होता.

‘अर्थव्यवस्था’ ही स्वतंत्र, मोजता येणारी वस्तू बनली ती १९२९च्या महामंदीनंतर. १९३४ साली सायमन कुझनेट्सने अमेरिकन सिनेटपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल ठेवला, आणि तीन वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दाखविले; मात्र या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ताडता येत नाही असेही बजावले, आणि गृहिणींची सेवा गणनेत धरलेली नाही हे उघड सांगितले. तो इशारा फार लवकर दफ्तरदाखल झाला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगूने यातील विसंगती १९२० सालीच हेरली होती: कोणी आपल्या पगारी घरकामकरणीशी विवाह केला तर काम तेच राहते आणि राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते. ज्या कामाने या शास्त्राला नाव दिले तेच त्याच्या ताळेबंदात बसू नये, ही मला केवळ हिशेबाची अडचण वाटत नाही; ज्याला दाम नाही त्याला अस्तित्वही नाही, हा निर्णय त्यात गुपचूप घेतलेला आहे.

स्वतंत्र भारताने १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. आपल्याकडच्या गणनेत शेतकरी घरी खाण्यासाठी राखून ठेवतो त्या ज्वारीची किंमत धरली जाते. ती रांधून वाढणे, मुलांचे संगोपन आणि आजाऱ्याची शुश्रूषा यांची धरली जात नाही. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली तेव्हा बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. या मिनिटांना रुपयांचा कोणता भाव लावावा, स्वयंपाकिणीच्या मजुरीचा की त्याच वेळात बाहेर मिळू शकणाऱ्या पगाराचा, यावर तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही.